स्पेअर सायकलचा ब्रेक

१

दिग्विजयनं ब्रेक दाबला आणि ब्रेक लागलाच नाही.

आता सायकलचा ब्रेक न लागणं ही काय जगबुडी आहे का? आपल्याकडं निम्म्या सायकली चपलेच्या टाचेवर थांबतात. पण ही घटना घडली अक्कलकोट रोडवर, सोलापूर सहा किलोमीटरवर आलेलं असताना, ताशी पंचावन्नच्या वेगात. आणि ज्याच्याबाबत घडली त्याच्या अंगात पिवळा शर्ट होता. पाच दिवसांची, पाच टप्प्यांची सीना-भीमा सायकल शर्यत, देशभरातले व्यावसायिक संघ आलेले. सगळ्या टप्प्यांची वेळ मिळवून जो पुढं असतो, त्याला पिवळा शर्ट मिळतो. तीन दिवस तो श्रीपूरच्या या पोराच्या अंगावर होता. चौथा टप्पा दुधनी ते सोलापूर. वाटेत पंक्चर झालं, म्हणून तो संघाच्या मोटारीच्या टपावरची स्पेअर सायकल घेऊन पळत होता. वळण आलं, बाकीचे वळले, दिग्विजय सरळ गेला. चारी ओलांडून थेट तुरीच्या रानात. मागचा ब्रेक थोडा धरला म्हणून जीव वाचला. गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि पिवळा शर्ट डॉक्टरांनी कात्रीनं कापून काढला.

दुपारी एक वाजता ती सायकल स्टेडियममागच्या एका खोलीत भिंतीला टेकून उभी होती. तिच्यासमोर दोघं होते. एक शर्यतीच्या प्रमुख प्रियदर्शनी मॅडम. दुसरे तिप्पण्णा उस्ताद.

तिप्पण्णाला सोलापुरात ओळखत नाही असा जुना माणूस नाही. वय सदुसष्ट. बाळीवेशीत चाळीस वर्षं भाड्यानं सायकली द्यायचं दुकान. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर एकदा चेनमध्ये गेलं, तेव्हापासून गाव त्याला ‘साडेनऊ बोटांचा उस्ताद’ म्हणायचं आणि तोही हसून ओ द्यायचा. आता दुकान नावापुरतं उरलं होतं, पण शर्यतीत सायकलींची तपासणी करणारा पंच म्हणून त्याला मान होता. आज खंडेनवमी. पहाटे पाचलाच घरी हत्यारांची पूजा उरकून, कपाळाला विभूती लावून तो शेवटच्या रेषेवर हजर झाला होता.

“खंडेनवमीला शर्यत ठेवू नका म्हटलं होतं की मी,” तो पुटपुटला. “हत्यारं विश्रांती घेतात आजच्या दिवशी.”

“पाहुण्या संघांच्या तारखा जुळेनात, उस्ताद. ते राहू द्या, हे बघा.” मॅडमनी पुढच्या चाकाकडं बोट दाखवलं. चाकाच्या मधोमध, हबजवळची चकचकीत पातळ चकती म्हणजे डिस्क. ब्रेक तिलाच दोन्हीकडून चिमटीत धरतो. तिप्पण्णानं चिमट्यातला पॅड काढून हातावर घेतला. पॅडवर लालसर तेलकट थर होता.

“तेल,” तो म्हणाला. “डिस्कला तेल लावलंय कुणीतरी.”

“म्हणजे मुद्दाम?”

“तेल काय आपल्या पायानं चालत येतं का, मॅडम?”

हे वाक्य आपल्याच अंगावर उलटणार आहे, हे त्याला तेव्हा कुठं माहीत होतं! तेवढ्यात दार ढकलून संघाचे मॅनेजर धनाजी आत आले. हातात एक फडकं, त्यावर तोच लालसर तेलकट डाग.

“सापडला चोर,” ते म्हणाले. “हे शिवूच्या हत्यारपेटीत होतं.”

शिवू म्हणजे संघाचा मेकॅनिक. आणि शिवू म्हणजे तिप्पण्णाच्याच दुकानात वयाच्या बाराव्या वर्षापासून पाना धरायला शिकलेला, त्याचा सगळ्यांत गुणी चेला.

२

“पाच वाजता समिती बसेल,” मॅडमनी सांगितलं होतं. “तोपर्यंत दुसरं काही पुढं आलं नाही तर शिवूवर कायमची बंदी, आणि मग पोलीस. उस्ताद, तुमचा माणूस आहे म्हणून तुम्हालाच विचारायला सांगते. तुम्ही खोटं बोलणार नाही.”

शिवू मैदानाच्या कडेला पायरीवर बसला होता. सव्वीस वर्षांचा, दुधनीचा. पुढच्या महिन्यात बेंगळुरूच्या मोठ्या संघात जायचं पक्कं झालं होतं. आईला, निंगव्वाला, त्यानं बॅगसुद्धा घ्यायला लावली होती. आता त्याची मान वर होत नव्हती.

“शिवू, बे, काय झालं सांग बघू.”

“काय न्हाय उस्ताद.”

“स्पेअर सायकल कुणी तयार केली?”

“मीच की. काल संध्याकाळी धुतली, डिस्क स्पिरिटनं पुसली. दोनदा. मग तुमच्या दुकानात आणून ठिवली. लॉजवर जागा नव्हती.”

हे खरं होतं. दुकानाला आतून घराचं दार, बाहेरून कुलूप. शिवू तिथंच सतरंजी टाकून झोपला होता.

“सकाळी?”

“सहाला गाडीच्या टपावर चढवली.”

“मधे कुणी हात लावला?”

शिवूनं एकदाच वर पाहिलं. त्या नजरेत काहीतरी होतं, पण ते काय, हे तिप्पण्णाला उमगलं नाही. “मीच लावला. दुसऱ्या कुनी न्हाय.”

“आणि हे फडकं?”

“माजंच हाय.”

“लाल काय आहे त्याच्यावर?”

तिप्पण्णानं चुचकारलं, रागावून पाहिलं, शेवटी ‘कानफटात देईन’ म्हणून हातही उगारला. पोरगं दगडासारखं बसून राहिलं. एवढंच म्हणालं, “उस्ताद, तुमी नका यात पडू. घरी जावा.”

तिप्पण्णाला कळेना. निर्दोष माणूस बोंबलतो. गुन्हेगार थापा मारतो. हा दोन्ही करत नव्हता.

पण एक गोष्ट डोक्यात किड्यासारखी वळवळत होती. ज्याला दिग्विजयला पाडायचंय तो दिग्विजयच्या सायकलला तेल लावेल ना? स्पेअर सायकल तर मोटारीच्या टपावर. पंक्चर झालं तरच ती खाली येणार. न झालं तर दिवसभर नुसती हवा खाणार. असा कसला मूर्ख गुन्हेगार?

धनाजींकडं याचं उत्तर तयारच होतं. “पंक्चरसुद्धा त्यानंच केलं असणार, मामा. टायर कोण बसवतं? हाच!”

३

म्हणून तिप्पण्णानं पंक्चर झालेलं चाक मागवलं. टायरवरून अंगठा फिरवला आणि चिमट्यानं काटा उपसून काढला. बाभळीचा, पाऊण इंच लांब. काटा ओला होता, टोकाला हिरवी सालही होती. रस्त्याकडेला कुणीतरी आजच कुंपणाला बाभळीच्या फांद्या ओढत नेल्या असणार. असा काटा आदल्या दिवशी टोचून ठेवला असता तर चाक दुधनीच्या वेशीतच बसलं असतं. म्हणजे पंक्चर देवाघरचं होतं, त्यात माणसाचा हात नव्हता.

“मग आता तुम्ही सांगा, धनाजीराव. सायकल टपावरून कुणी काढली?”

“मी आणि शिवूनं. का?”

“तेव्हा तुम्ही काय करत होता?”

धनाजी जरा बावरले. “जेवत होतो. बायकोनं भाकरी आणि शेंगाचटणी दिली होती. मोटारीतच खात होतो, सकाळपासून पोटात काही नव्हतं.”

शेंगाचटणी! सोलापूरची शेंगाचटणी म्हणजे लाल, आणि तेल सुटलेली. तिप्पण्णाच्या जिवात जीव आला. धनाजींचा चेहरा मात्र उतरला, त्यांचा हात आपोआप पँटला पुसला गेला. “मामा, माझ्या हातानं झालं म्हणता? देवाशपथ, मी सायकल मागून उचलली, सीटला धरून. डावा हात होता माझा. पुढचं चाक शिवूकडं होतं.”

तिप्पण्णानं पॅड पुन्हा नाकाशी नेला. जळक्या तेलाचा वास, तोही करडईच्या. तो वास कुणालाही ओळखता यावा, घरोघरी त्याचीच फोडणी. पण लसणाचा मागमूस नव्हता. शेंगदाण्याचा कण नव्हता. मीठसुद्धा लागलं नाही. होय, त्यानं जिभेला लावून पाहिलं, पंच असला म्हणून काय झालं. सीटही कोरडी ठक्क होती. चटणी नव्हती ती. धनाजींनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की शिवूवर आळ घेताना केलेला आवाजसुद्धा त्याहून लहान होता.

राहिला अमृत. दिग्विजयच्याच संघातला, दिग्विजयच्या मागं दोन मिनिटांवर असलेला. दिग्विजय पडला आणि पिवळा शर्ट अमृतच्या अंगात आला. फायदा कुणाचा, असं विचारलं तर बोट त्याच्याकडंच जात होतं.

अमृत शर्ट अंगात न घालता मांडीवर घेऊन बसला होता.

“काका, मीच पाडलं त्याला,” तो आपणहून म्हणाला.

तिप्पण्णा उभ्याचा खाली बसला.

“पंक्चर झालं तेव्हा मी त्याच्या शेजारी होतो. आमच्यात रीत आहे. पिवळ्या शर्टाचं चाक गेलं की संघातल्यानं आपली सायकल जागच्या जागी द्यायची. आमची दोघांची उंची एकच आहे. त्यानं हाक मारली, ‘अमृत, थांब’. मी ऐकली. आणि न ऐकल्यासारखं करून पुढं गेलो. मी थांबलो असतो तर तो त्या स्पेअरवर बसलाच नसता. हा शर्ट मला चावतोय काका, तुम्ही काढून घ्या.”

“तेलाचं काय?”

“तेल?” अमृत खुळ्यासारखा बघत राहिला. “कसलं तेल?”

पोरगं खरं बोलत होतं. पाप होतं त्याच्याकडं, पण ते वेगळं. तिप्पण्णानं घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते, आणि शिवूखेरीज कुणीही उरलं नव्हतं.

४

घरी चंद्रव्वानं पान वाढलं होतं. पुरणपोळी उद्याची, आज साधं जेवण. तिप्पण्णा हात धुऊन बसला आणि सगळी हकिकत सांगू लागला. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला न सांगता एक नट घट्ट केला नसेल.

“कुठल्या सायकलचा ब्रेक, म्हणालात?” चंद्रव्वानं मधेच विचारलं.

“स्पेअर. आपल्या दुकानात होती ती.”

तिच्या हातातली पळी आमटीत पडली. “यव्वा!”

“काय झालं?”

“भाजलं. सुम्मने ऊटा माड्री,” ती म्हणाली, म्हणजे गुमान जेवा. एरवी ती प्रत्येक गोष्टीत तीन सल्ले द्यायची. आज एकही नाही. पदरानं डोळे मात्र दोनदा पुसले. आमटीची वाफ असेल, असं तिप्पण्णाला वाटलं. मग ती काहीतरी आणायला म्हणून पडवीत गेली आणि बऱ्याच वेळानं परतली.

“शिवूचं काय होणार हो?”

“काय होणार? बेंगळुरू गेलं. पोलीस स्टेशन आलं. निंगव्वाला मी काय तोंड दाखवू? पोरगं माझ्या पदरात घातलं होतं तिनं.” तो तसाच उठला, चूळ भरली आणि पडवीतल्या कोपऱ्याकडं सहज पाहिलं.

कोपरा रिकामा होता.

पहाटे तिथं पाट मांडला होता. त्यावर पाने, हातोडी, पंप, चाक सरळ करायची जुनी किल्ली. झेंडूचा हार, विभूती, कुंकवाची वाटी. खंडेनवमीची पूजा एकदा मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हलवत नाही. चंद्रव्वा तर या बाबतीत भारी कडक. एका वर्षी गिऱ्हाईक अडलं म्हणून तिप्पण्णानं पाटावरचा पाना उचलला होता, तर आठ दिवस बोलली नव्हती. आणि आज तिनंच पाट उचलला होता? कुंकवाची वाटी घासून, पुसून फळीवर पालथी पडली होती.

“पूजा का हलवलीस?”

“मांजर शिरलं होतं.”

“मांजर पाने खातं होय?”

चंद्रव्वा भांडी घेऊन मागं गेली आणि कुणी न सांगता नळ मोठा सोडला.

तिप्पण्णा जोडे घालून बाहेर पडला. काहीतरी त्याच्या मनाच्या दारात येऊन उभं राहिलं होतं, आणि तो त्याला आत घेत नव्हता.

५

स्टेडियमच्या खोलीत अंधुक होतं. तिप्पण्णाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर. दुपारपासून त्यानं डिस्क नाकानं आणि जिभेनं तपासली होती, डोळ्यानं नीट पाहिलीच नव्हती. आता त्यानं पुढचं चाक सोडवलं आणि खिडकीतल्या उन्हात धरलं.

डिस्कची बाहेरची कड, जिथं पॅड घासतात, ती पुसलेली होती. कुणीतरी कोरड्या फडक्यानं घाईघाईनं पुसली होती. त्यामुळं तेल गेलं नव्हतं, उलट कडेभर सारखं पसरलं होतं. शिवूचं फडकं लाल का, ते कळलं. पण डोकं ठिकाणावर असलेला मेकॅनिक तेल लावून परत पुसेल कशाला?

टायर बसतं ती चाकाची रिंग मात्र कोरी होती. तेलाचा एक ठिपका नाही. तेल लावणारा रिंगेला जपून होता, म्हणजे सायकलीतला जाणकार होता.

मग तिप्पण्णानं चाक आणखी तिरकं धरलं. डिस्कच्या आतल्या भागावर, हबपर्यंत, फडकं पोचलं नव्हतं. तिथं तेल तसंच होतं. लाल. फासलेलं नव्हतं, शिंतोडेही नव्हते. रेघा होत्या. सरळ, एकमेकींना धरून ओढलेल्या तीन रेघा. विभूतीची बोटं ओढतात तशा.

हे पाप करायला नव्हे, पुण्य करायला लावलेलं होतं. तेलात कालवलेलं कुंकू. नुसतं कुंकू लोखंडावर धरत नाही, म्हणून करडईच्या तेलात कालवायचं, ही रीत सायकलवाल्यांची. सोलापुरात आता असे सायकलवाले उरलेत किती?

तीन रेघांतली वरची लांब होती, खालची लांब होती. मधली आखूड होती. जवळजवळ एका पेरानं आखूड.

तिप्पण्णानं आपला उजवा हात पाहिला नाही. पाहायची गरज नव्हती. तो हात त्यानं सदऱ्याच्या खिशात घातला, चोरीचा माल लपवावा तसा. मग तो जमिनीवर बसला.

“मी,” तो स्वतःशीच म्हणाला. “अरे देवा, मी.”

पहाटेचं सगळं आठवलं. पूजा म्हणजे कुंकू, एवढंच दुपारपासून त्याच्या डोक्यात होतं, त्या कुंकवात तेल असतं हे मनात आलंच नव्हतं. चंद्रव्वानं ताट धरलं होतं. हत्यारं झाली, आणि दरवर्षीप्रमाणं सायकलीची पाळी आली. पण घरात सायकल कुठं होती? शेवटच्या बारा सायकली पावसाळ्याआधी भंगारात गेल्या होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग दुकानाच्या कोपऱ्यात शिवूनं ठेवलेली स्पेअर उभी दिसली, पोरासारखी देखणी. तो पुढं झाला, आणि चाळीस वर्षांची सवय असलेला हात जिथं जायचा तिथं गेला.

पावणेपाच वाजले होते. शिवूची स्पिरिटची बाटली खिडकीतच होती, शेजारी कापूस. दोनदा पुसलं की रेघा गेल्या. कुणाला काही कळणार नव्हतं. शिवू बोलणार नव्हता. तो का बोलत नाही, हे तिप्पण्णाला आता लख्ख कळलं होतं. चंद्रव्वा तर मेली तरी बोलली नसती.

त्यानं बाटलीचं बूच उघडलं.

६

पाच वाजता टेबलापलीकडं प्रियदर्शनी मॅडम, अलीकडं धनाजी आणि अमृत, दाराशी शिवू. तिप्पण्णा चाक घेऊन आत आला. ते त्यानं मॅडमसमोर उन्हाच्या कवडशात ठेवलं. स्पिरिटची बाटली शेजारी ठेवली. ती भरलेलीच होती.

“मॅडम, मी सांगतो तसं ऐका. मधे बोलू नका, नाहीतर माझ्याच्यानं होणार नाही.”

तो उभ्यानंच बोलला.

“दुपारपासून आपण सगळे एकच विचारतोय, दिग्विजयला पाडायचं कुणाला होतं. कुणालाच नव्हतं. पाडायचं असतं तर त्याच्या रोजच्या सायकलला तेल लागलं असतं. स्पेअरला लागलं, कारण लावणाऱ्याला ती पळायला नकोच होती. खंडेनवमीला पूजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं. शर्यतीची सायकल पळणार. स्पेअर टपावर बसून राहणार. म्हणून तिची पूजा केली. त्या माणसाला वाटलं, आपण रीत पाळली.”

“पूजा?” धनाजी म्हणाले.

“हे कुंकू आहे. करडईच्या तेलात कालवलेलं. रिंगेला ठिपका नाही, बघा. आमच्या वेळी ब्रेक रिंगेवर लागायचा. दुकानातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, रिंगेला तेल लागलं की माणूस मेला. म्हणून पूजेचं बोट मधोमध ओढायचं, हबवर. चाळीस वर्षं ओढलं. आता मधोमध डिस्क आलीय. हे डोक्याला ठाऊक होतं, मॅडम. हाताला ठाऊक नव्हतं.”

“कुणाच्या हाताला, उस्ताद?”

“उस्ताद, नको!” शिवू दारातून ओरडला.

तिप्पण्णानं उजवा हात खिशातून काढला आणि तीन बोटं चाकावरच्या तीन रेघांवर ठेवली. मधलं बोट आखूड रेघेवर तंतोतंत बसलं.

शिवू पुढं आला, आणि दुपारपासून न फुटलेला त्याचा बांध आता फुटला. “न्हाय मॅडम, चूक माजी हाय. पहाटं मी जागा होतो, उस्तादांना पूजा करताना बगितलं. ते गेल्यावर उटलो. हातात स्पिरिटची बाटली हुती. पन उस्तादांच्या हातचं कुंकू स्पिरिटनं पुसायला जीव झाला न्हाय. पहिला पाना त्यांनी दिला मला. म्हनलं, कोरडंच पुसू, मधलं तसंच ऱ्हाऊ दे, स्पेअर तर हाय. कुटं लागतीय.”

“आणि गप्प का बसलास, गाढवा?” तिप्पण्णा ओरडला. ओरडता ओरडता रडायला लागला.

“काय सांगू? माज्या गुरूनं पाडलं म्हनून सांगू?”

अमृतनं हळूच पिवळा शर्ट टेबलावर ठेवला आणि ‘मी थांबलो नाही, तेही लिहून घ्या’ असं सांगितलं. धनाजींनी ते फडकं आपल्या खिशात कोंबलं.

प्रियदर्शनी मॅडमनी चष्मा काढून पुसला. निकाल साधाच झाला. शिवूला लेखी ताकीद, बंदी नाही. अमृतनं शर्ट नको म्हटलं तरी नियम नियम असतो, उद्या त्यालाच घालावा लागणार. तिप्पण्णाचं नाव पंचांच्या यादीतून कमी. तो कागद त्यानं स्वतःच मागून घेतला आणि त्यावर सही केली. सही करताना पेन नेहमीसारखं आखूड बोटावर टेकलं, तर त्याला त्या बोटाची किळस आली.

७

दवाखान्यात दिग्विजय खाटेवर उताणा पडला होता. खांदा पट्ट्यांत आवळलेला, दुसऱ्या हाताला सलाईन. चंद्रव्वा डबा घेऊन दारातच थांबली. आत जायचा धीर तिला झाला नाही. “दुपारीच सांगायला पायजे होतं मी,” एवढंच ती म्हणाली. तिप्पण्णानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकटा आत गेला.

त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. स्पिरिटच्या बाटलीचं बूच उघडलं होतं, तेसुद्धा सांगितलं.

दिग्विजय छताकडं बघत ऐकत होता. डिसेंबरात राष्ट्रीय शिबिर होतं, त्यासाठी त्यानं चार वर्षं श्रीपूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत सराव केला होता. हाड जुळायला तीन महिने. हे दोघांनाही माहीत होतं.

“काका,” तो म्हणाला, “पूजा करताना तुमी काय मागितलंत?”

तिप्पण्णाला वाटलं होतं, पोरगं शिव्या देईल. शिव्या त्यानं सोसल्या असत्या. हा प्रश्न सोसेना.

“दरवर्षी मागतो तेच,” तो कसाबसा म्हणाला. “चाकावर बसलेल्या कुणालाही पाडू नको, म्हणालो.”

दिग्विजय हसायला गेला. खांद्यात कळ आली आणि हसू तिथंच अडकलं. मग डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं ओघळलं. ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता, आणि पुसून द्यायची तिप्पण्णाची हिंमत नव्हती. माफ केलं, असं पोरगं म्हणालं नाही. तिप्पण्णानंही माफी मागितली नाही. मागून मिळण्यातली ती गोष्ट नव्हती.

बाहेर रस्त्यावर झेंडूच्या माळा लावलेली एक रिक्षा गेली. दिग्विजयनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

“काका, पाणी द्या की.”

ग्लास उचलायचा आणि दुसऱ्या हातानं मान वर करायची, म्हणजे दोन हात हवेत. तिप्पण्णा क्षणभर तसाच उभा राहिला. मग कोपऱ्यातल्या बेसिनशी गेला. उजवा हात साबणानं एकदा धुतला, दुसऱ्यांदा धुतला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, त्या अर्ध्या बोटाच्या टोकापर्यंत. वास घेऊन पाहिला. तिसऱ्यांदा धुतला.

“येऊ द्या की काका,” दिग्विजय मागून म्हणाला. “लई तहान लागलीय.”

तिप्पण्णानं हात सदऱ्याला कोरडा केला, पोराच्या मानेखाली घातला, आणि दुसऱ्या हातानं ग्लास त्याच्या ओठांना लावला.